लाल तारखेच्या आधी

सीताबर्डीच्या मेन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत साड्यांचं एक जुनं दुकान आहे. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर तिथे दोन कॅलेंडरं शेजारी-शेजारी टांगलेली असतात. एक 'कालनिर्णय', दुसरं जबलपूरचं 'लाला रामस्वरूप'. नागपुरात याचं कुणाला नवल नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडाची ही जुनी राजधानी, बाजाराची भाषा अजून अर्धी हिंदी. मी त्या दुकानाचं ऑनलाइनचं काम घेतलं तेव्हा पहिले आठ महिने त्या भिंतीकडे पाठ करून बसले होते. खरोखरच पाठ करून. माझी खुर्चीच तशी होती. समोर लॅपटॉपवर माझी स्वतःची शीट उघडी असायची. हिरवा रंग रीलचा, पिवळा फोटोचा, गुलाबी शुभेच्छांचा. तीनशे पासष्ट चौकोन, एकही रिकामा नाही.

त्या शीटचा मला फार अभिमान होता.

त्याआधी नऊ वर्षं मी एका दैनिकाच्या जाहिरात विभागात काढली होती. कॉलम सेंटिमीटर मोजणं, मजकूर बसवणं, पुरवणीसाठी दुकानदारांकडे खेटे घालणं. पाडव्याच्या पुरवणीची तयारी आम्ही फेब्रुवारीत सुरू करायचो आणि दिवाळीची पोळ्याच्या आसपास. म्हणजे लोकांच्या आधी तारीख गाठायची सवय मला असायला हवी होती. पण नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं आणि जे येत होतं तेच नेमकं विसरले. इंटरनेटवर वाचलेलं खरं वाटायला लागलं : रोज पोस्ट टाका, सातत्य ठेवा, एकही दिवस खाडा नको.

2018-19 मध्ये बर्डीवर या कामाला कुणी विचारत नव्हतं. 'कंटेंट कॅलेंडर' म्हटलं की समोरचा माझ्याकडे विमा एजंटाकडे बघावं तसं बघायचा. मी मग सांगायचे, कोणत्या दिवशी काय टाकायचं त्याचा तक्ता. एका शेठनी मला शनिवारच्या संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर उभं केलं आणि समोरची गर्दी दाखवली. माणसाला माणूस घासून चाललेलं, मध्ये फेरीवाले, त्यात एखादी स्कूटर अडकलेली. "इतके लोक पायांनी चालत येऊन राहिले मॅडम, त्यांना फोनवर कशाला बोलावू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2020 च्या टाळेबंदीनंतर दुकानं सम-विषम दिवशी उघडायला लागली तेव्हा त्याच शेठनी स्वतः फोन केला. तेव्हाही माझ्याकडे नीट उत्तर नव्हतंच, फक्त शीट होती.

आता ते पहिलं वर्ष आठवलं की हसू येतं. साड्यांच्या दुकानाच्या पानावर मी जागतिक छायाचित्रण दिन साजरा केला. 21 मे हा चहाचा आंतरराष्ट्रीय दिवस, तोही सोडला नाही. नागपूरच्या मे महिन्यात, कुलरसमोरून उठायची इच्छा नसलेल्या लोकांना मी वाफाळत्या कपाचा फोटो दाखवला. प्रत्येक सणाला दिव्यांची, फुलांची, रांगोळीची चित्रं आणि खाली दुकानाचं नाव. चौकोन भरत होते. दुकानात त्यामुळे कुणी आलं का, हे मी विचारत नव्हते, कारण विचारायची भीती वाटायची.

आणि एक गोष्ट तेव्हा कुणाला सांगितली नव्हती, ती इथे सांगून टाकते. माझा दर पोस्टमागे होता. महिन्याला तीस पोस्ट, म्हणजे तीस पोस्टचे पैसे. ज्या चौकोनाचे पैसे मिळतात तो रिकामा कोण ठेवेल? 'सातत्य' या शब्दामागे माझं घरभाडं लपलं होतं.

पहिला दणका त्याच वर्षी बसला. जूनमध्ये मी वर्षाचा उरलेला तक्ता केला. पंचांग उघडायचा कंटाळा केला आणि अंतर मोजलं : 2019 मध्ये गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला, घटस्थापना 29 ला, म्हणजे मध्ये सत्तावीस दिवस. 2020 ची चतुर्थी 22 ऑगस्टची. त्यात सत्तावीस मिळवले, आले 18 सप्टेंबर. तिथून पुढे नऊ चौकोन, नऊ रंग, नऊ साड्या. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलीने शीटमधून उचलून ते सगळं शेड्यूल करून टाकलं. 18 सप्टेंबरला सकाळी पानावर घट बसले.

त्या दिवशी अधिक आश्विन लागला होता. खरं नवरात्र 17 ऑक्टोबरचं. दुकानात फोन सुरू झाले. बाया हसत होत्या, शेठ हसत नव्हते. "मॅडम, देवीला महिनाभर आधीच आणून बसवली काहून?" मी फोनवर गप्प. लाजेची गोष्ट अशी की घरी आई पंधरा दिवसांपासून अनारशांच्या पिठाचं बोलत होती, आणि ते कशासाठी हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. आई बोलायची ते घरचं, शीटमधलं ते कामाचं, असे दोन कप्पे मी करून ठेवले होते.

पोस्ट काढून टाकल्या. संध्याकाळी दुकानात माफी मागायला गेले तेव्हा तिथल्या जुन्या सेल्समनने, त्यांना सगळे काकाजी म्हणतात, घडी घालता-घालता एवढंच विचारलं : "धोंड्याचा महिना तुमच्या त्याच्यात कुठाय?" मी म्हटलं, त्यात कुठला सण असतो? "सण नाही. जावई असतो. जावयाला वाण देतात, लेकीला साडी घेतात. गेल्या खेपेला चांगली विक्री झाली होती." माझ्या तक्त्यात नसलेला आख्खा महिना त्या माणसाच्या बोटांवर होता. टाळेबंदीनंतर दुकानाला विक्रीची इतकी गरज असताना मी चुकीच्या देवीला ओवाळत बसले होते.

काकाजींकडे एक वही होती. वही कसली, जुन्या बिलबुकांच्या कोऱ्या पाठी दोऱ्याने शिवलेल्या. त्यात ते विक्री लिहीत नसत, ती गल्ल्यावर लिहिली जायचीच. ते लिहायचे मागितलेलं आणि नसलेलं. 'जोडीच्या दोन सारख्या, महालक्ष्म्यांसाठी, हिरव्या – नव्हत्या.' 'शिवलेली नऊवारी, मुलीची, आठ वर्षं – नव्हती.' 'करवतकाठी, पांढरी – होती, महाग पडली.' पुढे तारीख. ही वही त्यांना कुणी लिहायला सांगितली नव्हती. माल भरायला जाताना शेठना तोंडी सांगायचं, विसरू नये म्हणून लिहायचं, इतकंच.

मी त्या वहीचे मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि दोन रात्री बसून तारखा जुळवल्या. महालक्ष्म्यांच्या साड्यांची विचारणा कधी सुरू होते? गौरी यायच्या आदल्या दिवशी नव्हे, तीन-साडेतीन आठवडे आधी. लग्नाच्या साड्यांची? तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात, पण विचारणा दिवाळीच्या फराळाबरोबरच सुरू होते, भावाकडे आलेल्या बहिणी सोबत बघून जातात म्हणून. माझे सगळे गुलाबी चौकोन सणाच्या दिवशीचे होते. कॅलेंडरवर लाल छापलेल्या तारखांचे. त्या दिवशी गिऱ्हाईक स्वयंपाकघरात असतं, देवळात असतं, गाडीत असतं. साडी त्याने कधीच घेतलेली असते, आणि नसेल तर आता घेणार नसतं.

पुढचे पंधरा दिवस मी काउंटरच्या एका टोकाला स्टूल टाकून बसले. लॅपटॉप घरी. फक्त लोक काय विचारतात ते लिहायचं. रंग जातो का? घरी धुतलं तर चालेल का? फॉल-पिको किती दिवसांत? ही उंच बाईला पुरेल का? मापाचं विचारताना बाया आवाज खाली आणतात, हेही तिथेच कळलं. आणि पुन्हा पुन्हा एक प्रश्न : ब्लाउज शिवून मिळेल ना वेळेत?

या एका प्रश्नाने माझा तक्ता उलटा झाला. साडी वेळेत घेऊन भागत नाही, ब्लाउज शिवून यावा लागतो. आणि बर्डीवरचे, धरमपेठेतले, महालातले शिलाईवाले दिवाळीच्या बरंच आधी 'आता ऑर्डर घेत नाही' अशी पाटी लावतात. ज्या दिवशी ती पाटी लागते तो साडीवाल्याचा खरा सण. त्यानंतर आलेली बाई तयार ब्लाउजवर जमेल अशी साडी शोधते किंवा रिकाम्या हाताने परतते. मी गल्लीतल्या चार शिलाईवाल्यांना विचारून त्यांच्या शेवटच्या तारखा घेतल्या आणि तिथून मागे मोजत आले. पाटीच्या आधी दहा दिवस साडी पसंत व्हायला हवी. त्याच्या आधी आठवडाभर ती बघितली गेली पाहिजे. त्याच्या आधी तिचा प्रश्न सुटला पाहिजे, की हा रंग दिव्याच्या उजेडात कसा दिसतो. म्हणजे दिवाळीची पहिली पोस्ट दिव्यांची नव्हतीच. ती होती दाराशी उन्हात धरलेल्या आणि मग ट्यूबलाइटखाली धरलेल्या एकाच साडीची. फोटोत फक्त काकाजींचे हात, चेहरा नाही. त्या पोस्टला बघणारे फार नव्हते. पण तो फोटो दाखवत, "ही आहे का?" म्हणून विचारणारी पहिली बाई दुकानात आली तेव्हा शेठनी माझ्यासाठी चहा मागवला. तोवर माझा चहा मीच आणत होते.

इथे थोडं विषयांतर करते. 1973 पासून घराघरांत जाणारं जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय' आपण तारखेसाठी टांगतो, पण त्याची पानं उलटून पाहिली की मागे मजकूर असतो : पाककृती, लेख, भविष्य. ज्या महिन्याचं पान त्या महिन्याला लागणारं. दूधवाल्याचा हिशेबही त्याच पानावर, चौकोनात पेनाने. कंटेंट कॅलेंडरचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि माझ्या पाठीमागेच ते टांगलेलं होतं. तसाच आपला दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला काढला. तेव्हापासून मराठी संपादक उन्हाळ्यात दिवाळीचा विचार करत आले आहेत. आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. मी मात्र ती परदेशी व्हिडिओ बघून शिकायला गेले होते.

दुसरी शिकवण दुकानातल्याच एका मुलीने दिली. ती काउंटरवर सुती साड्या दाखवायची. एकदा मी दसऱ्याचं पान भरत होते, आपट्याची पानं, सोनं, तेच ते. ती मागून बघत होती. म्हणाली, "ताई, आमच्या वस्तीतल्या बाया दसऱ्याच्या आधी पांढरी साडी घेतात. दरवर्षी घेतात. तुमच्यात कधीच येत नाही ती."

मी नागपुरात जन्मले. 14 ऑक्टोबर 1956 आणि अशोक विजयादशमी मला शाळेपासून पाठ आहे. दीक्षाभूमी बर्डीपासून हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी, त्या दिवसांत शहरात लाखो माणसं उतरतात हे मी लहानपणापासून बघते. आणि तरीही माझ्या शीटमध्ये दसरा एकच होता, माझ्या घरचा. एप्रिलच्या पानावर 14 तारखेला मी एक शुभेच्छा टाकून मोकळी झाले होते. त्याआधीच्या पंधरवड्यात निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांची चौकशी होते, हे वहीत काकाजींनी लिहिलेलं होतं. ते वाचूनही 'पांढरी – संपली' यापलीकडे मला काही दिसलं नव्हतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या वर्षी मोठ्या-मोठ्या शब्दांची पोस्ट लिहिली. त्याच मुलीने ती वाचली आणि म्हणाली, "भाषण नको ताई. साडी आली, कापड कोणतं, किंमत किती, एवढं सांगा. बाकीचं त्यांना माहीत आहे." ते वाक्य मी अजून नवीन पोरींना सांगते. कुणाच्या श्रद्धेच्या दिवशी आपण त्याला शिकवायला जाऊ नये. वस्तू वेळेवर समोर ठेवावी आणि बाजूला व्हावं.

ईद तर मला आणखी उशिरा समजली. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून गेल्या वर्षीचं पान चिकटवून चालत नाही. 2023 मध्ये 22 एप्रिलला ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आल्या. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि माझं पान बिनघोर होतं, कारण त्या वर्षी मी दोन्हींचं मागे मोजून ठेवलं होतं. असे दिवस कमी आले, म्हणून सांगते.

दोन श्रावणांची गोष्ट मात्र साडीवाल्याकडे नाही, मसालेवालीकडे कळली. गोळीबार चौकाकडची एक बाई घरी सावजी मसाला करून विकायची. माझ्याकडे आली ती तक्रार घेऊनच : "श्रावण लागायच्या आधी ऑर्डर यायला पाहिजे, तुम्ही सांगितल्यावर पोस्ट टाकली, अर्धे लोक म्हणतात आमचा सावन तर केव्हाचा लागला." बरोबरच होतं त्यांचं. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. 2024 मध्ये हिंदी भाषकांचा सावन 22 जुलैला लागला आणि राखीला, 19 ऑगस्टला, सुटला. मराठी श्रावण 5 ऑगस्टला लागला आणि पोळ्याला संपला, 2 सप्टेंबरला. एकाच शहरात, एकाच गल्लीत, मटण सोडायचे आणि धरायचे दोन वेगळे दिवस.

त्या बाईने मग व्हॉट्सअ‍ॅपवर दोन याद्या केल्या. अशा यादीत 256 च माणसं बसतात, आणि त्यातही ज्याने आपला नंबर जतन केला असेल त्यालाच निरोप पोचतो, म्हणून तिने प्रत्येक पुडीवर नंबर मोठ्या अक्षरांत छापून घेतला. हिंदी यादीला राखीच्या दुसऱ्या दिवसापासून, मराठी यादीला पोळ्याच्या आदल्या रात्री. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. इतवारी-महालात मारबत निघते, लहान मुलांचा तान्हा पोळा असतो, आणि मटणाच्या दुकानांपुढे रांगा असतात. पण चारच दिवसांनी गणपती. म्हणजे मराठी यादीसाठी वर्षातली सगळ्यात घाईची खिडकी जेमतेम तीन दिवसांची, 3 ते 5 सप्टेंबर, सहाला हरतालिका. त्या तीन दिवसांत माल पोचवायचा तर पोळ्याच्या आधी आठ दिवस मिरची कांडून तयार पाहिजे. आमच्या तक्त्यात त्या वर्षी पहिल्यांदा 'मिरची कांडप' असा चौकोन आला. त्यात पोस्ट नव्हती. काम होतं.

तेव्हापासून माझ्या शीटमध्ये पोस्टच्या शेजारी हा दुसरा रकाना आहे. काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराने तर तो रकाना पहिला करायला लावला. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं, संत्री ऑक्टोबरनंतर. मृगाला जून-जुलैत फुलं, फळ फेब्रुवारी-मार्चात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना त्याने फुलापासूनचे फोटो दाखवले, मध्ये गारपिटीने गळालेल्या फळांचाही एक, माझा विरोध असताना. मी म्हणत होते, नुकसान कशाला दाखवता. त्याचं म्हणणं, पेटीचा भाव वाढणार आहे, तो का वाढला हे आधी कळू द्या. पेटीच्या भावावर त्या वर्षी त्याच्याशी कुणी भांडलं नाही.

आता 23 सप्टेंबर 2023. हे लिहायचं टाळत होते.

आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं, शहर सुस्त होऊन झोपलं होतं. रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीने काठ सोडला, मोरभवनच्या बसस्थानकात बस पाण्यात उभ्या होत्या. आमच्याकडे वीज नव्हती, माझा मोबाइल पहाटेच बंद पडला होता. आणि सकाळी नऊ वाजता, आठवडाभरापूर्वी ठरवून दिल्याप्रमाणे, एका दुकानाच्या पानावर माझी पोस्ट गेली : रिमझिम पाऊस, गरम भजी आणि नवी सिल्क, आणखी काय हवं! सोबत छत्रीचं चित्र.

दुपारी कुठूनतरी फोन चार्ज करून उघडला तेव्हा दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा निरोप होता. शिवी नव्हती. एवढंच होतं : घरात कमरेइतकं पाणी आहे, महालक्ष्म्या पाण्यात आहेत. मी ती पोस्ट काढली, त्यांना फोन केला, तो लागला नाही. त्या पुढे दुकानात आल्या की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

खरं तर दोन वर्षांपूर्वी, 2021 च्या मार्चमध्ये, 15 ते 21 नागपूर पुन्हा बंद झालं तेव्हाच हे शिकायला हवं होतं. तेव्हाही पाडव्याच्या साड्या पानावर नाचत होत्या आणि शहर औषधांच्या रांगेत होतं. पण तेव्हा सगळ्यांचंच चुकत होतं, म्हणून माझं चुकलेलं झाकलं गेलं.

त्या सप्टेंबरनंतर दोन गोष्टी बदलल्या. दोन दिवसांपलीकडचं काहीही आपोआप जाईल असं ठेवायचं नाही. आणि रोज सकाळी आठला आमच्यातलं एक जण बातम्या, पाऊस, चौकातली परिस्थिती बघून मग 'जाऊ दे' म्हणेल. दुकानाची चावी जशी दोघांकडे असते तसा पासवर्ड दोघांकडे. आणि आठवड्यातले दोन चौकोन रिकामे. ते कुणी आधीपासून भरायचे नाहीत, मीसुद्धा. कधी त्यात अचानक आलेला माल जातो, कधी 'आज दुकान बंद आहे' इतकंच, बहुतेक वेळा काहीच नाही.

रिकाम्या चौकोनांचे पैसे कसे मागायचे हा प्रश्न होताच. पोस्टमागे दर बंद केला, महिन्याचा एक आकडा सांगितला, आणि तीसऐवजी बारा पोस्ट. एका शेठनी सरळ हिशेब केला : "म्हणजे काम निम्म्याहून कमी, पैसे तेच?" मी म्हटलं, काउंटरवर बसते त्याचे पैसे. ते नाही म्हणाले. आणखी एक गेले. त्या वर्षी दिवाळीला अकराऐवजी नऊ दुकानं होती, आणि कितीतरी वर्षांनी मी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरी होते, हातात मोबाइल नव्हता. त्याआधीच्या दिवाळ्यांत माझ्या घरचे दिवे आईनेच लावले. दुसऱ्यांच्या सणाचं वेळापत्रक करणाऱ्या बाईला स्वतःचा सण पाळता येत नव्हता. हसण्यासारखंच आहे ते.

काही गोष्टी बारीक आहेत, पण कामाच्या. मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी पोस्ट टाकू नये, तेव्हा लोक बाहेर पडलेले असतात. दुपारी दोनला टाकावी, सगळं शहर कुलरसमोर आडवं पडून मोबाइल बघत असतं. हे कुठल्या पुस्तकात नाही, दुकानाच्या फोनवर चौकशा कधी येतात ते बघून कळलं. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बर्डीचे रस्ते मोर्चांनी अडतात, तेव्हा 'दुकानात या' म्हणण्यापेक्षा 'घरपोच देतो' म्हणावं. लग्नसराईत साडीच्या फोटोपेक्षा साडीची घडी किती मोठी होते, बॅगेत किती मावतील, हे जास्त बघितलं जातं. का ते मला अजून कळलेलं नाही.

काकाजी गेल्या वर्षी थांबले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, जिना चढवत नाही. वही त्यांनी त्या पांढऱ्या साडीवाल्या मुलीच्या हातात दिली, माझ्या नाही, आणि ते बरोबरच केलं. ती आता मोबाइलवर लिहिते, पण रकाना तोच : मागितलं, नव्हतं. हल्ली कॅप्शन मशीन लिहून देतं, दहा मागा, वीस मागा. माझ्याकडची मुलगी तसं करते, मी अडवत नाही. फक्त विचारते, हे कुणी विचारलं होतं?

परवा 2026 चं पान मांडायला बसले. खुर्ची आता भिंतीकडे तोंड करून आहे. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. मे-जूनमधली लग्नसराई मधेच तुटणार, लेकी-जावई मात्र भर उन्हात येणार. तिथे मोठ्या अक्षरांत 'धोंडा' लिहिलं आणि सुती साड्या एप्रिलमध्येच भरायला शेठना सांगितलं. मग पुढे सरकले. अधिक महिन्यामुळे सगळंच लांबलेलं : गणपती 14 सप्टेंबर, दसरा 20 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर. नेहमीप्रमाणे शिलाईवाल्यांच्या तारखा घ्यायला निघाले. तिघांनी अंदाजाने सांगितल्या. चौथे मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वर्षी माझं काही खरं नाही ताई. तुळशीच्या लग्नानंतर पोरीचं करायचं आहे. मी दसऱ्यालाच बंद करीन."

मी तिथेच स्टुलावर बसून मोबाइलवर शीट उघडली आणि दिवाळीचा आख्खा रकाना दहा दिवस वर सरकवला. मग विचारलं, "मुलीची साडी घेतली का?"

"कुठली?" ते म्हणाले. "अजून रंगच ठरत नाही तिचा."

मी माझ्या वहीत लिहून घेतलं.